सत्तावन्न किलोंचा सुपडू

समोर उभ्या माणसाचं वजन मी नजरेनं सांगतो. किलो-दीड किलोच्या पलीकडे चूक होत नाही. ह्यात देवाची देणगी वगैरे काही नाही. अमळनेरच्या एका लहानशा तेल गिरणीत मी एकोणीस वर्षं तोलार होतो. शेंगांचं पोतं काट्यावर चढायचं, मी दांडीवरचं वजन सरकवायचो, आकडा ओरडायचो आणि कारकून तो लिहून घ्यायचा. दिवसभर पोती तोलणाऱ्याला माणसं तोलायची खोड लागतेच. लग्नात नवरा-नवरी शेजारी उभी राहिली की लोक जोडा शोभतो का ते बघतात, मी दोघांमधला फरक काढतो. आमच्या घरात ह्याबद्दल मला बरंच ऐकून घ्यावं लागलं आहे.

एकाच माणसाच्या बाबतीत माझी नजर दर खेपेला फसली. तो म्हणजे सुपडू. दिसायचा बासष्टचा आणि भरायचा सत्तावन्न. रुंद खांदे, जाड मनगटं, आणि ह्या सगळ्या सांगाड्यावर कातडं असं ओढून बसवलेलं, की लेकराला मागच्या वर्षीचा सदरा घातला असावा.

त्याच्याआधीची दोन मुलं दगावली होती, म्हणून आईनं ह्याला जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि नाव सुपडू ठेवलं. आमच्याकडे गल्लीत एक तरी सुपडू निघतोच. पण बॉक्सिंग खेळणारा सुपडू हा एकच. तालमीत कुस्ती शिकायला गेला, तिथं बदलून आलेल्या एका व्यायाम-शिक्षकांनी हातात मोजे चढवले, आणि पाच-सहा वर्षांत भुसावळला एका सरकारी खात्यात खेळाडू म्हणून नोकरीला लागला. आई, बायको सिंधू आणि दोन मुली अमळनेरलाच. पंधरा दिवसांनी तो पॅसेंजरनं घरी यायचा आणि स्टेशनवरून घरी जाण्याआधी आमच्या गिरणीत डोकवायचा.

"आबा, काटा खाली शे का?"

मी म्हणायचो, "तुझ्यासाठी कायम रिकामाच आहे. चढ."

चपला काढून, खिशातली किल्ली, रुमाल, सुटे पैसे असं सगळं माझ्या टेबलावर ठेवून तो काट्यावर चढायचा. आकडा ऐकला की नुसती मान हलवायची. खूश झाला की दुखावला, ते कळायचं नाही.

उपाशी माणूस चिडका असतो असं म्हणतात. सुपडू उपाशी असला की जास्तच गोड बोलायचा. आणि त्याला दुसऱ्यांना खाऊ घालायचं भारी वेड. लग्नाच्या पंगतीत हा कधी बसलेला मी पाहिला नाही, पण वाढायला सगळ्यात पुढे. जिलबीचं ताट घेऊन फिरायचा आणि एकेकाला असा आग्रह करायचा, की खाणाऱ्यानं हात जोडावेत. कोणी "तू केव्हा बसशील?" म्हटलं की ठरलेलं उत्तर: "मी मांगली पंगतमा." ती मागची पंगत कधी आलीच नाही. घरी सिंधूनं भाकरी वाढली की तळहातावर घेऊन "दीडशे ग्रॅम" म्हणायचा, अर्धी मोडून परत टोपलीत ठेवायचा. सिंधूचा संताप व्हायचा. "मी काय जेवनमा इख कालवस का?" असं ती भिंतीला ऐकू जाईल इतक्या जोरात विचारायची. तो हसायचा. स्पर्धा जवळ आली की ऐन चैत्रात स्वेटर घालून बोरी नदीच्या पात्रात पळायचा आणि चिंच चघळून चघळून थुंकायचा. थुंकीचंही वजन असतं, हे मला त्यानंच सांगितलं. तोलार असून माझ्या डोक्यात ते कधी आलं नव्हतं.

भुकेबद्दल विचारलं की म्हणायचा, "पोट म्हंजे पाव्हना शे आबा. बस म्हनं का बसस." मला ते पटायचं नाही. आमच्याकडचा पाहुणा जेवल्याशिवाय उठतो कुठे?

बाहेरच्या वाचकाला एवढं सांगायला हवं, की बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. सत्तावन्नच्या गटातल्यानं स्पर्धेच्या सकाळी सत्तावन्नच्या आत भरायचं. शंभर ग्रॅम जास्त झालं तरी मोजे गुंडाळून घरी. शिवाय एका संघातून एका गटात एकच खेळाडू. सत्तावन्नच्या वरचा गट साठचा.

ह्या साठच्या गटातच सगळी गोम होती. आमच्या तालमीचा महोत्सव ठरला आणि जळगाव-धुळ्याच्या संघांची बॉक्सिंग स्पर्धा अमळनेरला घ्यायची असं पंचमंडळींनी ठरवलं, तेव्हा सुपडू आठ दिवसांची रजा काढून आला. तेहेतीस वर्षांचा झाला होता. स्वतःच्या गावात, स्वतःच्या तालमीच्या मैदानात पहिल्यांदाच लढणार. पहिल्या सकाळी गिरणी सुरू होण्याआधी तो लंगोटावर काट्यावर उभा राहिला. मी आकडा सांगितला. एकसष्ट.

मला राहवलं नाही. "सुपडू, तुझं हाडच साठाचं आहे. वरच्या गटात का जात नाहीस? दोन घास खाशील, चार वर्षं जास्त खेळशील."

तो काट्यावरून उतरला नाही. तिथंच उभा राहून म्हणाला, "साठमा परभाकर शे."

प्रभाकर म्हणजे सिंधूचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर हे पोरगं काही करेना, तेव्हा सासूनं जावयापुढे पदर पसरला होता. सुपडूनं त्याला भुसावळला स्वतःच्या खोलीवर नेलं, दोन वर्षं घासून तयार केलं आणि संघात साठच्या गटात बसवलं. नोकरी लागली, पण हंगामी. अजून दोन वर्षं संघात टिकला तर कायम होणार होता. सुपडूचं शरीर मात्र ह्या दोन वर्षांत वाढायचं थांबलं नव्हतं. त्यांच्या कोचनं निघताना सांगितलं होतं, की ह्या वेळी सत्तावन्न भरला नाहीस तर पुढच्या स्पर्धेपासून तू साठात, आणि तुझ्या मेहुण्याला मी घरी पाठवतो.

"तेले मीच आनेल शे," सुपडू म्हणाला. "आते मीच तेले घर धाडू का?"

"त्याला माहीत आहे?"

"नही. सिंधूलेबी नही. तुमीन कोनले सांगू नका, आबा."

मी शब्द दिला. दिला आणि पस्तावलो. असं काही पोटात ठेवायची मला सवय नाही. माझं काम आकडा ओरडून सांगायचं. पण त्या माणसाची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली होती, आणि तीही त्यानं स्वतःच्या हातानं, चांगुलपणापायी खणलेली. वर जावं तर मेहुण्याची भाकरी जाते, खाली राहावं तर स्वतःची. बायको म्हणणार माझ्या भावाला उठवलं, सासू म्हणणार जावयानं दिलं आणि जावयानंच काढून घेतलं. असे हे आठ दिवस सुरू झाले.

रोज सकाळी सहाला तो यायचा. एकसष्ट, साठ, साडेएकोणसाठ. आकडा उतरत होता तसा तो हळू चालायला लागला. बोलता बोलता थांबायचा आणि आपण काय सांगत होतो ते मलाच विचारायचा. चौथ्या दिवशी अठ्ठावन्न आणि थोडं वर. मी म्हटलं, लागलो आता पैलतीराला.

आणि मग गाव मध्ये आलं.

आमच्या गावाला पैलवान कळतो, बॉक्सर कळत नाही. पैलवान म्हणजे दूध, बदाम, तूप. कुस्तीच्या आधी गावानं पैलवानाला खाऊ घालायचं, ज्याच्या घरी तो जेवला त्या घराचा मान मोठा, ही आमच्याकडची जुनी रीत. गावाचा पैलवान उपाशी आहे, गालफडं बसलीत, ही बातमी तालमीचे नाना ह्यांच्या कानावर गेली. नानांचं वय सत्तरच्या पुढे, एके काळचे नामी मल्ल, शब्द खाली पडू न देणारा माणूस. त्यांनी पाचव्या दिवशी दुपारी मळ्यात भरताचा बेत केला. हिवाळ्याचे दिवस, हिरवी मोठी वांगी काड्यांवर भाजलेली, वरून तेलाची धार, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. शंभरेक माणसं. सुपडू नेहमीसारखा वाढायला उभा राहिला. नानांनी त्याच्या हातातली परात काढून घेतली.

"सुपडू, बस खाले."

"नाना, माले वजन कमी करनं शे."

"कमी?" नानांनी सगळ्या पंगतीकडे बघितलं. "पैलवान कधी कमी होस का? तू उपाशी लढना तर लोके आमना तोंडवर थुंकतीन. म्हनतीन, ह्या गावनी पोऱ्याले भाकर दिनी नही. बस."

पंगत जेवायची थांबली होती. नानांनी स्वतःच्या हातानं त्याला वाढलं. सुपडूनं एकदा माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसानं त्याला लहानपणी तालमीची माती लावली, त्याच्यापुढे ह्याला कसलं वजन आणि कसला गट सांगायचा? तो बसला. पहिला घास त्यानं बराच वेळ तोंडात ठेवला. मग मात्र तो जेवला. दोन भाकरी, तिसरी अर्धी, वर ताकाचा पेला. शंभर माणसं कौतुकानं बघत होती, कोणी "वाढा, वाढा" म्हणत होतं, आणि हा मान खाली घालून खात होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारचा म्हणाला, मिरची झणझणीत आहे. मिरचीचं नव्हतं ते.

दुसऱ्या सकाळी साडेएकोणसाठ. मी आकडा हळूच सांगितला. त्यानं मान हलवली आणि स्वेटर चढवून नदीकडे गेला.

पुढचे दोन दिवस त्यानं पाणीही सोडलं. फक्त ओला रुमाल ओठांना लावायचा. आठव्या सकाळी, स्पर्धेच्या दिवशी, तो आला तेव्हा त्याला काट्यावर चढायला मी हात दिला. दांडीवरचं वजन सत्तावन्नवर सरकवलं. दांडी समतोल थांबली. मी तीनदा पाहिलं. सत्तावन्न.

तो काट्यावरच खाली बसला. मी इतका हरखलो, की चहावाल्याकडून अर्धा कप चहा मागवून त्याच्या हातात दिला. म्हटलं, घे, आता हरकत नाही. तोही भोळा, माझ्या काट्यावर विश्वास ठेवून चहा प्याला. माझा काटा म्हणजे काटा, असा माझा तोरा साऱ्या बाजारपेठेत होता. गोण्यांत शेंगेचं एक टरफल जास्त गेलं तरी कळेल असं मी लोकांना सांगायचो.

सकाळी नऊला तालमीत वजनं सुरू झाली. संघांबरोबर आलेला, तपासून मोहोर लावलेला काटा. प्रभाकर आधी चढला, साठच्या आत सहज बसला आणि पोहे खायला गेला. मग सुपडू. पंचांनी आकडा वाचला.

"अठ्ठावन्न, शंभर."

सुपडू हसला. पंचांचं काही चुकलं असेल असं त्याला वाटलं. पुन्हा चढवलं. पुन्हा तेच. कोचनी माझ्यासमोरच वहीत काहीतरी लिहिलं. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

शेंग येते ती तागाच्या पोत्यात. रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं वजन एक किलो. दर पोत्यामागे कारकुनानं एक वजा करत बसायला नको, म्हणून आम्ही काटाच एक किलो मागे लावून ठेवायचो. पोतं चढवलं की आत किती शेंग आहे ते सरळ दिसतं. सगळ्या गिरण्यांत ही सोय होती, गिऱ्हाइकांनाही ठाऊक. एकोणीस वर्षांत मला त्या मागे लावलेल्या काट्याची इतकी सवय झाली होती, की तो मागे आहे हेच मी विसरलो. माणसाला बारदान नसतं. आठ दिवस मी त्याला एक किलो कमी सांगत होतो, आणि वरून चहा पाजला होता.

पंच म्हणाले, साडेदहाला वजनं बंद. तोवर काय ते करा.

मी सुपडूला धरून गिरणीत आणलं. शेंगदाणे भाजायची भट्टी होती त्या खोलीत. भट्टी पेटवून घेतली, दार लावलं. त्याला स्वेटरवर रिकामी बारदानं गुंडाळली, तीन-चार. तो भट्टीसमोर उकिडवा बसला आणि हात हलवत राहिला, समोर कोणी असल्यासारखा ठोसे मारत. त्याच्या अंगात घाम उरलाच नव्हता. पंधरा मिनिटं काहीच आलं नाही. मग कपाळावर आला, मग मानेवरून. मला सांगायचं होतं, सुपडू, माझी चूक आहे, तुझी नाही. पण तोंड उघडलं की भट्टीची धग घशात जायची, आणि खरं सांगायचं तर धीरही होत नव्हता. एकदा तो म्हणाला, "आबा, सिंधूले काय सांगू?" मी म्हटलं, बोलू नको, हात हलव.

साडेदहाला पाच मिनिटं असताना त्याला तालमीत नेलं. लंगोटही काढायला लावला, दोघांनी धोतर आडवं धरलं. काटा वर-खाली झाला आणि सत्तावन्नवर थांबला. कोचनी वहीत लिहिलेलं खोडलं. तेवढं मी पाहिलं.

संध्याकाळची लढत मी फार सांगत नाही. समोर धुळ्याचा एकवीस वर्षांचा मुलगा, सत्तावन्न किलो त्याच्या अंगावर जन्मापासून असल्यासारखे बसलेले. सुपडूचे हात पहिल्या फेरीत चालले. दुसरीत फक्त पाय चालले. तिसरीत त्याचं काहीच चालत नव्हतं, पण तो पडला नाही. गुडघे वाकायचे आणि तो दोरीला पाठ लावून पुन्हा सरळ व्हायचा. नाना मान खाली घालून बसले होते. गुणांवर तो हरला. नंतर साठच्या गटात प्रभाकर जिंकला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. सगळ्यात जास्त टाळ्या सुपडूनं वाजवल्या. मोजे काढलेले, बोटं सुजलेली, आणि टाळ्या. परत जाताना लोक म्हणत होते, मेहुणा दाजीच्या वरचढ निघाला. कोणी म्हणालं, नानांनी इतकं खाऊ घातलं, तरी ह्याच्यात दम नव्हता.

मला शब्द दिल्याचा इतका राग कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर गेलो. सुपडू आणि प्रभाकर भुसावळच्या पॅसेंजरची वाट बघत बाकावर बसले होते. सिंधू पोचवायला आली होती, मुलींना घेऊन. भावाच्या कपाळावरचा कालचा गुलाल अजून होता. मी सुपडूला बाजूला घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं.

"सुपडू, मना काटा एक किलो मांगे व्हता. बारदानना. मी इसरी गऊ."

मला वाटलं आता शिवी देईल, आणि ती मी घ्यायला तयार होतो. त्यानं माझा हात धरला. चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं.

"माले वाटनं, मना आंगमाच खोट शे," तो म्हणाला. "रात्रभर तोच इचार."

मी म्हटलं, आता तरी सांग घरात. कोचला सांग. हे किती दिवस करशील?

"कोच म्हने, वजन बसनं, मंग झायं. पुढली धुळाले शे. दीड महिनामा." मग म्हणाला, "दोन वरीस तर काढना शेतस, आबा. निंघी जातीन."

तेवढ्यात गाडी लागली. दोघं डब्यात चढले, खिडकीशी समोरासमोर बसले. सिंधूनं खिडकीतून फडक्यात बांधलेला डबा आत दिला आणि नवऱ्याला बजावलं, आता खेळ झाला ना, आता तरी पोटभर जेवा. सुपडूनं तिच्यासमोरच फडकं सोडलं. दशम्या होत्या, तूप लावलेल्या, गुळाच्या. त्यानं एक उचलली, तळहातावर धरली. अर्धी मोडली. अर्धी स्वतःपुढे ठेवली आणि बाकीचा सगळा डबा प्रभाकरच्या मांडीवर सरकवला.

मी खिडकीबाहेर उभा होतो. सुपडूखेरीज सगळं माहीत असणारा त्या फलाटावर मी एकटाच. शिट्टी झाली. पुढच्याच महिन्यात मी गिरणी सोडून लांब परगावी मुलाकडे राहायला गेलो, आणि सुपडूला मी पाहिलं ते हे शेवटचंच. गाडी हलली तेव्हा प्रभाकरच्या तोंडात दशमी होती. दुसरी हातात घेत तो हसून म्हणाला, "जिजा, तुमले भूक लागतच नही का?"

सुपडूनं हसून मान हलवली. नाही.